नवी रायफल की जुनी

सिंगापूरला मी बंदुका सांभाळायचो असं सांगितलं, की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. तिकडे गेलेला मराठी माणूस संगणकावर बसतो किंवा बँकेत बसतो, अशी सगळ्यांची समजूत. मीही गेलो होतो सरळमार्गीच. पुण्याच्या शस्त्र कारखान्यात तपासणी खात्यात बरीच वर्षं काढली, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन सिंगापूरच्या तुआस भागातल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागलो. ती कंपनी बंद पडली. आम्ही नवरा-बायको क्वीन्सटाउनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सामान बांधायला काढणार, तेवढ्यात कळलं की एका नेमबाजी क्लबला आर्मरर हवाय. आर्मरर म्हणजे बंदुकांचा फिटर. बंदूक साफ करायची, दुरुस्त करायची, आणि ती चालवण्याच्या लायकीची आहे की नाही ते सांगायचं. मी अर्ज केला आणि त्या नोकरीतूनच निवृत्त झालो.

त्या देशात बंदूक ही फार कडक गोष्ट आहे. पोलिसांचा परवाना मिळाला, बंदूक तुमच्या नावावर झाली, तरी ती घरी न्यायची नाही. ती राहणार क्लबच्या आर्मरीत, पोलादी दाराआड. मालकाने रविवारी यायचं, सही करून बंदूक घ्यायची, गोळ्या मोजून घ्यायच्या, रिकाम्या पुंगळ्या मोजून परत करायच्या आणि हात हलवत एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडायची. मी सभासदांना म्हणायचो, तुम्ही म्हणजे होस्टेलवरच्या मुलांना भेटायला येणारे पालक. त्यांना ते आवडायचं.

मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच. नवी घ्यावी की वापरलेली? याचं माझं उत्तर इतकं पाठ झालं होतं की झोपेतही दिलं असतं. वापरलेल्या रायफलीचा दस्ता चकचकीत आहे की ओरखडे पडलेत, ते बघू नका. स्क्रू बघा. स्क्रूंची डोकी चावल्यासारखी दिसली तर समजा, चुकीचा पेचकस घेऊन कोणीतरी हौशी माणूस आत शिरून आलाय. नळीचं तोंड बघा. लहान बोअरची, म्हणजे बारीक नळीची, रायफल गोळ्या झाडून फारशी झिजत नाही, ती झिजते ती साफ करणाऱ्याच्या घाईने. साफ करायचा गज तिरका घालून नळीचं तोंड खराब केलेल्या कितीतरी रायफली माझ्याकडे आल्या. मालक सगळे एकजात म्हणायचे, मी हिची फार काळजी घेतो. एक उद्योगपती तर दर थोड्या दिवसांनी नवी कोरी रायफल मागवायचे, डबा उघडायचे, तेलाचा वास घ्यायचे, आणि चार रविवार नेम चुकला की दोष रायफलीला देऊन ती विकायला काढायचे. त्यांच्या विकलेल्या रायफलींवर आमच्या क्लबचे निम्मे चांगले नेमबाज तयार झाले. मी नवशिक्यांना गुपचूप सांगायचो, थांबा, साहेबांचं मन उडायची वाट बघा.

पण हा प्रश्न मला एकदा असा विचारला गेला, की पाठ केलेलं उत्तर कामाला आलं नाही.

मेश्रामसाहेब नागपूरचे. धातूंवर संशोधन करणारे, सिंगापूरच्या एका संशोधन संस्थेत होते. पत्नी सुनंदावहिनी आणि मुलगी आर्या, असं तिघांचं कुटुंब पासिर रिसला राहायचं. क्लबमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे रविवारी नेमबाजी आटपली की कॅन्टीनमध्ये आमची कॉफी ठरलेली. कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी पहिल्यांदा रायफल हातात धरली. वस्तीतला मुलगा, अंगावर सरकारी गणवेश, आणि पन्नास मीटरवरचा काळा ठिपका. ते म्हणायचे, "शिंदे, त्या ठिपक्याला माझं आडनाव माहीत नव्हतं. म्हणून मला तो आवडला." मुळात माणूस कमी बोलणारा. पालथे झोपून, रायफल खांद्याला लावून ते नेम धरायचे, तेव्हा त्यांचा श्वाससुद्धा दिसायचा नाही.

त्यांची रायफल बोल्टची होती. नेमबाजी न केलेल्यांसाठी सांगतो. बोल्टच्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हाताने कडी उचलायची, मागे ओढायची, पुन्हा पुढे लोटायची, मग दुसरी गोळी. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम रायफल स्वतः करते. तुम्ही फक्त चाप ओढायचा, एका ओढीला एक गोळी. बोल्टवाले लोक सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांकडे जरा नाक मुरडूनच बघतात, आणि मेश्रामसाहेब त्यांच्यातले पक्के. म्हणून एका रविवारी कॉफी ढवळता ढवळता ते म्हणाले, "मला सेमी-ऑटोमॅटिक घ्यायची आहे. नवी घेऊ का जुनी?" तेव्हा मी हसलोच.

"तुम्ही? काय झालं एकदम?"

"हौस समजा."

मी माझं भाषण सुरू केलं. नवी मागवायची तर आयातीचा परवाना, पोलिसांकडची चौकशी, सेमी-ऑटोमॅटिक कशाला हवी याचं लेखी कारण, मग जहाज. वर्ष सहज जाईल. पण आली की दहा-पंधरा वर्षं बघायला नको. जुनी हवी तर कोह अंकलची आहे, ती इथेच आर्मरीत पडून आहे, फक्त नाव बदलायचं.

कोह अंकल हे आमचे सर्वांत ज्येष्ठ सभासद, शाळेतून निवृत्त झालेले चिनी मास्तर. त्यांच्या दृष्टीचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघायचं तेच नेमकं दिसायचं नाही. नेमबाजाला यापेक्षा वाईट शिक्षा कुठली असेल मला माहीत नाही. पुढच्या रविवारी ते मुद्दाम आले आणि मी त्यांची रायफल टेबलावर उघडली तेव्हा शेजारी बसून राहिले. मी एकेक भाग मेश्रामसाहेबांच्या हातात देत गेलो. स्क्रू स्वच्छ. नळीचं तोंड नव्यासारखं. मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीच्या, ओठांना कुठे वाक नाही. एक स्प्रिंग तेवढी थकली होती, ती मी बदलणार होतो.

"गुड ऑर नॉट?" कोह अंकलनी विचारलं.

"व्हेरी गुड, अंकल."

"टेक लाह," ते मेश्रामसाहेबांच्या आवाजाच्या दिशेने, तिकडच्या इंग्रजीत म्हणाले. "यू डोन्ट टेक, दे कट."

ते खरं होतं. परवाना सोडला आणि बंदुकीला गिऱ्हाईक मिळालं नाही, तर ती सरकारजमा होते आणि कापली जाते.

मेश्रामसाहेबांनी चालवून बघायचं ठरवलं. मी मॅगझिन आणि मोजक्या गोळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. मॅगझिनमध्ये गोळी भरताना अंगठ्याने स्प्रिंग दाबावी लागते, दाब फार नसतो, पोरंसोरं भरतात. त्यांनी पहिली गोळी दाबली, ती निसटून जमिनीवर पडली. दुसरीही पडली. तिसरीला त्यांनी डावा हात लावला. मी वाकून गोळ्या उचलल्या आणि वर बघताना त्यांचा उजवा हात माझ्या डोळ्यांसमोर आला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये आपल्या हाताला जो मांसल उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. आणि त्या खळग्यात कातडीखाली काहीतरी बारीक थरथरत होतं. मी आयुष्यभर माणसांचे हात बघत आलोय, कारण बंदूक चुकते त्यापेक्षा हात जास्त चुकतो. हा हात आजारी होता.

मी बघतोय हे त्यांनी पाहिलं. "भरून द्या तुम्ही," ते म्हणाले. "मग सांगतो."

त्यांनी गोळ्या झाडल्या, छान झाडल्या. चाप ओढायला बोट अजून साथ देत होतं. मग कॅन्टीनमध्ये एका कोपऱ्यात बसून त्यांनी सांगितलं. मज्जातंतूंचा आजार आहे. हातापासून सुरू झालाय, पुढे दुसरा हात, पाय, जीभ, शेवटी श्वास. औषध नाही. वेग कमी-जास्त असतो, एवढीच काय ती दया. बोल्टची कडी उचलायला त्यांना गेले काही आठवडे मनगट पूर्ण फिरवावं लागत होतं, आणि मला वाटत होतं की ते शैली बदलून बघताहेत.

"कोणाला माहीत आहे?"

"सुनंदाला. आता तुम्हाला. ऑफिसात बोललो नाही. काम सुटलं तर इथं राहायची पास सुटते, पास सुटली की सगळेच निघालो. आर्याची वर्षाअखेर परीक्षा आहे. ते पोरगं दिवसभर अभ्यास करून राहिलं, तिला आत्ता काय सांगू?" मग जरा थांबून, "आता धंद्याच्या माणसासारखं सांगा. नवी का जुनी?"

इतक्या जणांना दिलेलं उत्तर, त्यातला प्रत्येक शब्द आता वेगळा ऐकू येत होता. वर्ष सहज जाईल. दहा-पंधरा वर्षं बघायला नको.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला जुनी घ्यायची आहे. सुनंदा म्हणते नवीच घ्या." ते कपाकडे बघत होते. "तिचं म्हणणं, जुनी घेतली तर आपण हार मानली. नवी मागवली की ती येईपर्यंत थांबावं तर लागते ना माणसाला." ते हसले. "तुम्ही दोघं जेवायला या. तिच्याशी तुम्हीच बोला."

ही कामगिरी आर्मररच्या नोकरीत बसत नव्हती, पण मी गेलो. माझी बायको नलिनी सोबत होती, तिला मी वाटेत बसमध्ये सगळं सांगितलं होतं. पासिर रिसचा त्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर होता, खिडकीतून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसायची. दिवाणखान्यात बुद्धमूर्तीपुढे ताजी फुलं होती. वहिनींनी वडाभात केला होता. आर्या जेवताना बापाची चेष्टा करत होती. "पपा सो स्लो लाह, ईटिंग लाइक अंकल," असं म्हणून खिदळली. मेश्रामसाहेब डाव्या हाताने चमच्याने जेवत होते. वहिनी म्हणाल्या, "हाताला मुरगळ आली त्यांच्या, बरी होईल," आणि आर्याच्या ताटात आणखी भात वाढला.

आर्या ट्यूशनला गेली आणि दार लागलं. वहिनी हात पुसत बाहेर आल्या, त्या जणू याचीच वाट बघत होत्या.

"शिंदेभाऊ, तुमचं ते ऐकतात. तुम्ही सांगा त्यांना, नवीच घ्या म्हणून. चांगली, टिकणारी. आयुष्यभर दुसऱ्याची रायफल कोण वापरते?"

"जुनीही वाईट नाही, वहिनी."

"वाईट नसेल. पण नवी ती नवी. तुम्हीच सांगा, नवी जास्त दिवस टिकते की नाही?"

"टिकते."

"मग?"

नलिनी माझ्याकडे बघत होती. मेश्रामसाहेब खिडकीबाहेर बघत होते. मला त्या बाईंना हवं ते उत्तर देता आलं असतं. रायफलीपुरतं ते खोटंही झालं नसतं. पण मला दर रविवारी त्यांचा हात दिसणार होता. मी म्हणालो, "वहिनी, जुनी घ्या. ती तयार आहे. ते पुढच्या रविवारपासून ती घेऊन नेम धरू शकतात."

त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला. नलिनी उठून आत गेली. मेश्रामसाहेब फक्त म्हणाले, "झालं."

रायफल त्यांच्या नावावर झाली. क्लबच्या सेक्रेटरींना त्यांनी हातात अशक्तपणा आहे एवढं सांगितलं. माझी अट अशी, की ते नेम धरतील तेव्हा मी शेजारी असणार. गोळ्या मी भरायचो, रायफल मी ठेवायचो, ते येऊन पालथे पडायचे. त्या काही महिन्यांत त्यांनी जी नेमबाजी केली तशी आधी कधी केली नव्हती. गोळी लागली की मान न उचलता विचारायचे, "कुठे?" मी दुर्बिणीतून बघून सांगायचो. "मध्ये." परत, "कुठे?" "मध्ये." कोह अंकल मागे खुर्ची टाकून बसायचे आणि आवाजावरून सांगायचे, की आता स्प्रिंग बरोबर काम करतेय. त्यांना दिसत काही नव्हतं, पण ते एकही रविवार चुकवत नसत.

मग एक दिवस मेश्रामसाहेब म्हणाले, "चाप थोडा हलका करा. बोट थकते."

चाप किती हलका असावा याला एक मर्यादा असते. ती मर्यादा आहे म्हणूनच बोट चुकून लागलं तरी गोळी सुटत नाही. मर्यादेच्या आत होता तेवढा मी हलका करून दिला. काही आठवड्यांनी त्यांनी पुन्हा विचारलं.

"आता नाही होणार, मेश्रामसाहेब."

"थोडाच."

"याच्या खाली गेलो तर ती रायफल राहणार नाही. शिंकलात तरी सुटेल."

"मी शिंकत नाही," ते म्हणाले आणि मान वळवली. त्या दिवशी आमची कॉफी झाली नाही. पुढच्या रविवारी मात्र काही घडलंच नाही अशा थाटात आले. चाप ओढायला आता त्यांना दोन बोटं लावावी लागत होती.

त्याच महिन्यात ते झालं. पहिली गोळी त्यांनी नीट झाडली. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये लगेच दुसरी गोळी नळीत येऊन बसते. बोल्टची रायफल असती तर पुढचं घडलंच नसतं. त्यांचं बोट चापावरून मागे यायला हवं होतं, ते आलं नाही, तिथेच थरथरलं, आणि दुसरी गोळी सुटली. नळी खाली झुकलेली होती. गोळी समोरच्या वाळूत गेली. कोणाला काही झालं नाही. पण शेजारच्या पट्टीवरची चिनी बाई उठून बसली आणि आमच्याकडे बघत राहिली. देखरेखीला असलेल्या रेंज ऑफिसरने शिटी फुंकली. सगळे थांबले.

मी गुडघ्यावर बसलो. मॅगझिन काढलं, नळी रिकामी केली. मेश्रामसाहेब तसेच पडून होते, गाल दस्त्याला लावून.

"आज एवढंच," मी म्हणालो.

"आज नाही, शिंदे," ते हळू आवाजात म्हणाले. "एवढंच."

त्यांच्या हातातून रायफल सोडवायला मला त्यांची बोटं एकेक करून उचलावी लागली. ती स्वतःहून उघडत नव्हती. मग मी आणि रेंज ऑफिसरने त्यांना काखेत धरून उभं केलं. मागून कोह अंकल विचारत होते, "व्हाय स्टॉप? व्हाय स्टॉप?"

त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी ऑफिसात स्वतःच सांगितलं. त्यांचा वरचा साहेब भला निघाला. बसून करायचं काम दिलं, आणि आर्याची परीक्षा होईपर्यंत ते कसंबसं निभावलं. परीक्षा संपली त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. ती काय म्हणाली हे त्यांनी मला सांगितलं नाही. वर्ष उलटायच्या आत कुटुंब नागपूरला परतलं. विमानतळावर ते व्हीलचेअरवर होते. बोलणं जड झालं होतं. माझा हात त्यांनी हातात घेतला नाही, घेता येत नव्हता. मी त्यांचा घेतला.

कोह अंकलच्या त्या रायफलीला गिऱ्हाईक मिळालं नाही. मी फलकावर चिठ्ठी लावली, उद्योगपतींना गळ घातली, दोन नवशिक्यांना दाखवली. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. पण गोष्ट क्लबभर पसरली होती, आणि जिच्यावर एका माणसाचा हात असा संपला ती रायफल कोणाला नको होती. असल्या समजुती शिकलेल्या माणसांतही असतात. शेवटी मीच ती पोलिसांच्या ताब्यात दिली. कापताना क्लबचा माणूस हजर लागतो, तो मीच. नळी, चाप, सगळं करवतीखाली गेलं. मी कोह अंकलना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. पुढे त्यांनी क्लबला येणं सोडलं.

मेश्रामसाहेब नागपुरात वारले ते मला फोनवर कळलं. मी निवृत्त होऊन पुण्याला आल्यावर नलिनी म्हणाली, एकदा जाऊन ये. मी गेलो. वहिनी एका शाळेत गणित शिकवत होत्या. आर्या बंगळूरला नोकरीला लागली होती. भिंतीवर त्यांचा फोटो होता, क्लबमधला, कानांवर संरक्षक आणि डोळे मिटलेले. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. शेवटचे महिने कसे गेले ते त्यांनी सांगितलं, न रडता, क्रमाने, फळ्यावर गणित सोडवावं तसं. मी निघायला उठलो तेव्हा त्या म्हणाल्या,

"एक विचारू का, भाऊ? तुम्ही त्या दिवशी नवी घ्या म्हणाला असता, तर काय बिघडलं असतं?"

मी म्हणालो, "त्यांना ते महिने मिळाले नसते, वहिनी. रविवारचे."

"ते मला समजते. ते मला तेव्हाही समजलं होतं." त्या फोटोकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. "त्यांना रविवार मिळाले. मला एक वर्ष मिळालं असतं, वाट पाहायला. ते तुम्ही माझ्याच घरात बसून, माझ्या हातचं खाऊन काढून घेतलं. तुमचा राग आला होता मला. अजून गेला नाही."

मी चपला घालायला वाकलो होतो, तसाच थांबलो.

"आता उन्हात कुठे जाता," त्या म्हणाल्या. "जेवून जा."

मी चपला काढल्या आणि पाटावर जाऊन बसलो. त्यांनी वाढलं, मी जेवलो.